‘आधी भारी लॅपटॉप, मग पुण्याचा क्लास’: सांगलीच्या ग्रुपांवरच्या मेसेजला उत्तर

बारावीचा निकाल लागला की सांगली-मिरजेच्या पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज नव्यानं फिरायला लागतो. मजकूर थोडा बदलतो, सूर तोच. प्रोग्रामिंग शिकायचं तर आधी आय-सेव्हन आणि 16 जीबी रॅमचा लॅपटॉप घ्या. सुरुवात सी या प्रोग्रामिंगच्या भाषेपासूनच करा, पायथॉन या सोप्या भाषेनं पाया कच्चा राहतो. गणित-इंग्रजी बेताचं असेल तर नादाला लागू नका. सॉफ्टवेअर टाकणं घरी जमत नाही, पुण्यात क्लास लावा. आणि शेवटी, ‘तसंही आता एआयच कोड लिहितो’. हे शेवटचं खरं असेल तर वरचा सगळा खर्च कशासाठी, हा प्रश्न मेसेज पुढं ढकलणाऱ्यांना पडलेला दिसत नाही.

लॅपटॉपचं आधी. पायथॉनचा विंडोजसाठीचा इन्स्टॉलर साधारण 30 एमबीचा. लग्नाचा एखादा व्हिडिओ याहून मोठा असतो. 4 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप पहिल्या वर्षाला पुरून उरतो. खरी अडचण वेगळीच आहे आणि मेसेजमध्ये तिचा पत्ता नाही: पायथॉन 3.9 पासून पुढची आवृत्ती विंडोज 7 वर बसतच नाही. सेकंडहँड लॅपटॉप घेताना प्रोसेसरचं स्टिकर बघण्याऐवजी आत कुठलं विंडोज आहे ते बघा. किंवा विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका, त्यात पायथॉन आधीपासूनच असतं. लॅपटॉपच नसेल तर अँड्रॉइडवर पायड्रॉइड 3 हे पायथॉन चालवणारं अ‍ॅप आहे. मोबाइलवर कोड टाइप करणं वैतागवाणं, हे कबूल. पण ‘इफ’ (अट तपासणं) आणि ‘फॉर’ (तेच पुन्हापुन्हा करणं) समजून घ्यायला ते चालतं.

‘सी पासूनच’ या हट्टावर फार वेळ घालवत नाही. डेनिस रिची यांनी 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल लॅब्जमध्ये घडवलेली सी आजही दणकट भाषा आहे. मायक्रोकंट्रोलरशी, म्हणजे यंत्रांमधल्या छोट्या चिपशी, खेळायचं तर ती शिकावीच लागेल. पण आपल्याकडं ‘सी शिका’ म्हणजे बहुतेक वेळा टर्बो सी हे सी लिहून चालवायचं निळ्या पडद्याचं सॉफ्टवेअर, जे 1987 साली बाजारात आलं. ते आजच्या विंडोजवर चालवायला डॉसबॉक्सचा, म्हणजे जुने डॉस प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आधार घ्यावा लागतो. पाया पक्का करायला निघालेल्या पोराचा पहिला आठवडा त्या खटपटीतच जातो. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्समध्ये आज पायथॉनच आहे, त्या पोरांचा पाया काही खचलेला नाही.

आता ‘घरी जमत नाही’. या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, म्हणून यावर नीट बोलू. सोडून देणारी बरीच पोरं भाषेपर्यंत पोचतच नाहीत, ती इन्स्टॉलेशनलाच कंटाळतात. मात्र अडायच्या जागा ठरलेल्या आहेत.

नेहमीच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर खाली एक चौकट असते, ‘अ‍ॅड पायथॉन डॉट ईएक्सई टू पाथ’. ती आपसूक टिक झालेली नसते. घाईत ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबलं की पायथॉन बसतं, पण कमांड प्रॉम्प्टला (विंडोजमधली कमांड टाइप करायची काळी खिडकी) ते कुठं आहे हे ठाऊक नसतं. मग ‘पायथॉन’ टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं आणि पोरगं म्हणतं, बसलंच नाही. सगळं काढून परत टाकायची गरज नाही. तोच इन्स्टॉलर पुन्हा चालवा, ‘मॉडिफाय’ निवडा आणि पुढच्या पानांवर एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल्सची टिक करा. मग कमांड प्रॉम्प्ट बंद करून नव्यानं उघडा. हे शेवटचं हमखास विसरतं.

दुसरी जागा म्हणजे तीन बाणांची (>>>) खूण. ती दिसत असेल तर तुम्ही पायथॉनच्या आत आहात. तिथं ‘पायथॉन’ आणि पुढं फाइलचं नाव टाकलं तर सिंटॅक्स एररच येणार, ती कमांड बाहेर, कमांड प्रॉम्प्टवर टाकायची असते. तिसरी, नोटपॅडमध्ये जतन केलेली फाइल शेवटी ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवून घेते आणि विंडोज ते लपवून ठेवतं. चौथी मला सगळ्यात आवडते. टर्टल, म्हणजे पडद्यावर चित्रं काढायचं पायथॉनमधलं तयार साधन, शिकताना पोरं फाइललाही टर्टलच नाव देतात. मग पायथॉन खऱ्या टर्टलऐवजी त्यांचीच फाइल उघडून बसतं.

यातलं काय पुण्याला जाऊन शिकण्यासारखं आहे? क्लासनं शिस्त लागते, सोबत मिळते, हे मान्य. त्यासाठी लावायचा तर जरूर लावा.

गणिताचं म्हणाल, तर सुरुवातीला लागतं ते दुकानातलं गणित. सांगलीतल्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी घ्या. 40 फूट इशारा, 45 फूट धोका, हे सांगलीतल्या पोराला पाढ्यांसारखं पाठ असतं. पातळी विचारून ‘इशारा’ की ‘धोका’ सांगणारा प्रोग्राम म्हणजे दोन तुलना. इंग्रजी एरर वाचण्यापुरतं लागतं, तेही शेवटच्या ओळीपासून उलटं वाचलं तर बहुतेकदा भागतं. बाकी पायथॉन 3 मध्ये व्हेरिएबलला (आकडा किंवा मजकूर साठवायच्या डब्याला) ‘पातळी’ असं देवनागरीत नाव देता येतं. एवढंच काय, कुणी ‘४५’ असा मराठी आकडा टाइप केला तरी ‘इंट’ (टाइप केलेल्या मजकुराचा आकडा करणारी आज्ञा) त्याचा बिनतक्रार पंचेचाळीस करतं. पुढं इतरांबरोबर काम करताना नावं इंग्रजीतच ठेवावी लागतील, पण पहिल्या महिन्यात ती अट कशाला?

राहिला एआय. तो कोड लिहितो, खरं आहे, आणि बरा लिहितो. पण याच पुलाच्या प्रोग्राममध्ये कुणी आधी ‘40 किंवा जास्त’ तपासलं आणि ‘45 किंवा जास्त’ त्याच्या खाली ‘एलिफ’मध्ये (‘नाहीतर जर’) ठेवलं, तर काय होईल? पहिली अट खरी ठरली की पायथॉन दुसरीकडं बघतच नाही. 2019 च्या महापुरात पाणी 57 फुटांवर गेलं होतं. हा प्रोग्राम त्या दिवशीही ‘इशारा’च म्हणाला असता आणि एरर एकही आली नसती. एररची लाल अक्षरं दिसली नाहीत म्हणजे सगळं बरोबर, असं समजणाऱ्याच्या हातून हे सहज निसटतं. म्हणून एआयनं दिलेला असो की स्वतः लिहिलेला, चालवताना 39, 40, 44, 45 आणि 57 हे आकडे टाकून बघा. 45 ला काय उत्तर येतं ते आधी कागदावर लिहा, मग एंटर दाबा.