ब्रेकवर तेल मारायला सांगणारा तो मेसेज

‘स्पोर्ट्स कारचे ब्रेक: गॅरेजवाले लपवतात त्या 6 गोष्टी’ या नावाचा एक मेसेज सध्या गाड्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. परवा तो भाच्याकडून आला, खाली प्रश्न: ‘मामा, स्प्रे कुठला घेऊ?’ त्याच्याकडे सेकंडहँड पोर्शे केमन आहे, ब्रेक किंचाळतात, आणि मेसेजचा दुसरा मुद्दा सांगतो की चाकाच्या आऱ्यांतून डिस्कवर, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीवर, गंज सोडवायचा स्प्रे मारा, ‘आवाज जागच्या जागी बंद’.

बंद होतो, खरंच होतो. कारण ब्रेकच बंद होतो.

ब्रेक दाबला की डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटतात ते पॅड. त्यांचं घासणारं अस्तर सच्छिद्र असतं. तेल त्यात मुरतं, आणि एकदा मुरलं की पुसून, धुवून किंवा ‘दोनचार ब्रेक मारून जाळून’ पूर्ण निघत नाही. गरम झालं की ते पुन्हा पृष्ठभागावर येतं. एका बाजूच्या चाकावर जास्त मारलं गेलं, तर ब्रेक दाबताच गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. एबीएस आहे ना, असं कोणी म्हणेल. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, पण पॅडची गेलेली पकड तो परत आणू शकत नाही. असे पॅड फेकायचे, अॅक्सलवरचे चारही. डिस्क ब्रेक क्लीनरने धुता येते, पॅड नाही.

यात अर्धं खरं एवढंच की ब्रेकमध्ये काही ठिकाणी वंगण लावतात. कॅलिपर म्हणजे पॅड दाबणारा चिमटा. तो तरंगता, म्हणजे पिनांवर सरकणारा असेल, तर त्या पिनांना सिलिकॉन ग्रीस. पॅडच्या लोखंडी पाठीच्या कडा कॅलिपरला टेकतात तिथे उष्णता सोसणाऱ्या पेस्टचा पातळ हात. घासणाऱ्या बाजूला काहीही नाही. साधं पेट्रोलियम ग्रीस तर पिनांनाही नको, रबरी बूट आणि सील फुगतात. केमनच्या फिक्स्ड (न सरकणाऱ्या) चार-पिस्टन कॅलिपरला सरकत्या पिना नसतातच, त्यामुळे ‘पिनांना ग्रीस मारून दिलं’ असं कोणी सांगितलं तर कुठल्या पिनांना, ते विचारा.

मग किंचाळतं काय? पॅड आणि डिस्क मिळून सेकंदाला काही हजार वेळा थरथरतात, म्हणून आवाज इतका वरच्या पट्टीतला. पोर्शेच्या बऱ्याच मॉडेलांत ही थरथर मारायला पॅडच्या पाठीवर चिकटणारे, पिस्टनच्या पोकळीत बसणारे डॅम्पर असतात. पॅड बदलताना जुने डॅम्पर ओढून काढले की त्यांचा गोंद जातो. ते तसेच पुन्हा खुपसले किंवा गाळलेच, तर हळू वेगात, सिग्नलजवळ, हलकं ब्रेक दाबताना किंचाळी येणारच. नव्या पॅडबरोबर नवे डॅम्पर, एवढाच इलाज. ते जागेवर असूनही आवाज येत असेल तर पॅडची कडा बघा: तिला उतार आहे की सरळ काटकोन? आणि पृष्ठभाग काचेसारखा चकाकतोय का? काटकोनी कडा आणि चकाकी, दोन्ही आवाज करतात. ट्रॅकचे पॅड रस्त्यावर वापरणाऱ्यांनी तक्रारच करू नये, थंड असताना ते ओरडतातच.

आता पहिला मुद्दा, आणि हा फक्त मेसेजवाल्यांचा नाही, अर्ध्या गॅरेजांचाही आहे: ‘ब्रेक मारताना स्टीअरिंग थरथरलं म्हणजे डिस्क वाकली, लेथवर मारून घ्या’, म्हणजे यंत्रावर तासून सपाट करा.

कॅरोल स्मिथ हे अमेरिकन रेस इंजिनिअर. ल मान्सची 24 तासांची शर्यत जिंकणाऱ्या फोर्डच्या जीटी40 गाड्यांवर त्यांनी काम केलं होतं. त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय की ‘वाकलेली’ म्हणून त्यांनी तपासलेल्या प्रत्येक डिस्कच्या बाबतीत खरी भानगड एकच निघाली: पॅडचा माल डिस्कवर असमान बसला होता. जिथे थर जास्त, तिथे पकड जास्त आणि जाडीही जास्त, म्हणून प्रत्येक फेऱ्यात एक धक्का. 19 इंची चाकाचा टायरसकट घेर साधारण 2.1 मीटर धरला तर ताशी 100 किमीला सेकंदाला 13 फेरे होतात, 40 ला पाचेक. म्हणूनच वेग उतरतो तशी ही थरथर संथ होत जाते आणि थांबायच्या आधी तिचे ठोके मोजता येतात.

हा थर बसतो कसा? खंडाळ्याचा घाट ब्रेकवर उतरून खालापूरच्या टोलनाक्यावर पाय घट्ट दाबून उभं राहा. तापलेला पॅड तापलेल्या डिस्कवर एकाच जागी दाबला जातो आणि आपला ठसा सोडतो. डिस्क गरम असेल तर थोडं अंतर ठेवा, गाडी हळूहळू सरकू द्या, थांबल्यावर पाय सैल करा. नवे पॅड लावल्यावर डिस्कवर नीट ‘बसवून’ (बेडिंग) न घेता दामटले तरी हेच होतं. बसवायचे म्हणजे मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना, 100 वरून 15-20 पर्यंत आठ-दहा वेळा जोरात पण एबीएस लागू न देता वेग उतरवायचा, पूर्ण थांबायचं नाही, आणि मग दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवून थंड करायचं.

‘वाकडी’ या शब्दात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करतो. डिस्क वाकडी *बसलेली* असू शकते. हबवर, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बोल्टने बसतात त्या भागावर, गंजाची पापडी राहिली, किंवा एअर गनने बोल्ट वाटेल तसे आवळले, की डिस्क डुलते, पॅडला प्रत्येक फेऱ्यात त्याच जागी घासते, आणि काही हजार किलोमीटरनंतर जाडीत फरक पडतो. म्हणून हब तारेच्या ब्रशने साफ करा, चाकाचे बोल्ट तिरक्या क्रमाने टॉर्क रेंचने आवळा (5 बोल्टच्या पोर्शेंना मॉडेलप्रमाणे 130 किंवा 160 न्यूटन-मीटर), डिस्कच्या बाहेरच्या कडेपासून 10 मिमी आत डायल गेज (डोलणं मोजायचं घड्याळ) लावून एक फेरा द्या. डोलणं 0.1 मिमीच्या वर गेलं तर डिस्क एक भोक पुढे सरकवून पुन्हा मोजा. उंचवटा डिस्कबरोबर सरकला तर दोष डिस्कचा, जागेवरच राहिला तर हबचा. जाडी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजा. 0.02 मिमीचा फरकही पायाला जाणवू शकतो. व्हर्नियरने मोजणाऱ्याचं ऐकू नका, त्याचे जबडे डिस्कच्या काठावर उरलेल्या कंगोऱ्यावर टेकतात.

पॅडच्या मालाचा थर ताजा असेल तर गार्नेट पेपरने (एक प्रकारचा पॉलिश पेपर) घासून, पॅड पुन्हा तसेच ‘बसवून’ जातो. पण त्या डागाखालचं बीड (डिस्कचं ओतीव लोखंड) 650-700 अंश सेल्सिअसपर्यंत तापलं असेल तर तिथे सिमेंटाइट, म्हणजे लोखंड आणि कार्बनचं संयुग, तयार होतं, कडक आणि खोलवर. लेथ मारून ती डिस्क आठवडाभर छान चालते आणि मग तोच धक्का परत येतो, वर जाडीही गेलेली. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, लेथवाल्याला आधी ती दाखवा.

आणि ब्रेक न लावताच 100-120 ला स्टीअरिंग थरथरत असेल तर डिस्कचं हे सगळं विसरा, चाकांचं बॅलन्सिंग करून घ्या.

मुद्दा तीन: ‘मागची डिस्क तपासायला चालत्या गाडीत हँडब्रेक ओढा.’ केमनचा हँडब्रेक मागच्या डिस्कच्या टोपीत (मधल्या उंच भागात) लपलेल्या छोट्या ड्रमवर चालतो. डिस्कच्या घासणाऱ्या पृष्ठभागाला तो शिवतही नाही, मग तपासणार काय? मागचं चाक लॉक होऊन गाडी फिरली तर ते मात्र लगेच कळेल. साधा अंदाज असा: थरथर स्टीअरिंगमध्ये तर पुढे, सीटमध्ये तर मागे.

गरम डिस्कवर पाणी मारायचा चौथा मुद्दा वाचून हसावं की रडावं कळेना. छिद्रांच्या डिस्कला आधीच छिद्रांभोवती केसासारखे तडे पडतात, त्यांना हा झटका कशाला? तसे बारीक तडे चालतात, पण तडा एका छिद्रातून दुसऱ्यात किंवा काठापर्यंत पोचला की डिस्क बाद. पाचवा मुद्दा म्हणतो की छिद्रांच्या डिस्कचा घूं-घूं आवाज म्हणजे ती फुटणार. जोरात ब्रेक लावल्यावर तो येतोच, छिद्रं पॅडखालून जातात त्याचा आहे.

सहावा, ‘सिरॅमिक घ्या, आवाजच नाही’, म्हणजे लोखंडाऐवजी कार्बन-सिरॅमिकच्या डिस्क. थंडीत आणि पावसात कार्बन-सिरॅमिकही ओरडतात, आणि चाक काढताना एक ठोका बसला तर काठाचा टवका उडतो. किंमत विचारून बघा.

भाच्याला कळवलंय: स्प्रे घ्यायचाच तर ब्रेक क्लीनर घे, चाक काढून डिस्कवर मार, कॅलिपरच्या रंगावर नको. आणि आधी पॅड काढून मागे डॅम्पर आहेत का ते बघ.