हेल्मेट, मेंदू आणि माणसाचा स्वभाव

पुण्यात हेल्मेटचा विषय निघाला की वाद ठरलेल्या वळणांनी जातो. मान दुखते, केस गळतात, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, पेठेतल्या गर्दीत गाडी वीसच्या वर जातच नाही मग कशाला हवंय. जानेवारी २०१९ मध्ये शहरात सक्ती सुरू झाली तेव्हा तर मोर्चे निघाले. मी तेव्हाही सक्तीच्या बाजूने होते आणि आजही आहे. पण दोन्हीकडचे लोक मरण्या-वाचण्याबद्दलच बोलतात. जो वाचतो, स्वतःच्या पायांनी घरी येतो, सगळ्यांना नावानिशी ओळखतो आणि तरीही पूर्वीचा राहत नाही, त्याचं नाव कुणी काढत नाही. मला त्याच्याबद्दल लिहायचंय. पोस्ट मोठी आहे, पण कृपया पूर्ण वाचा.

माझा मामेभाऊ. वहिनीला विचारूनच लिहिते आहे. सिंहगड रोडवर राजाराम पुलाच्या अलीकडे खडीवरून त्याची स्कूटर घसरली. वेग फार नव्हता. हेल्मेट होतं, डिकीत. कपाळाला टाके पडले, सीटी स्कॅनमध्ये कपाळामागे थोडं रक्त साकळलेलं दिसलं, ऑपरेशन लागलं नाही. आधी आयसीयू, मग वॉर्ड, मग घर. डिस्चार्जच्या कागदावर ग्लासगो स्कोअर पंधरापैकी पंधरा होता. मामीने तळ्यातल्या गणपतीला नारळ फोडला, सोसायटीत पेढे वाटले.

हा ग्लासगो स्कोअर १९७४ साली ग्लासगोमधल्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी तयार केला. डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितल्यावर हात-पाय हलवतो का, एवढंच तो मोजतो. बेशुद्धी किती खोल आहे हे पटकन कळावं म्हणून तो आहे आणि त्या कामात उत्तम आहे. पण हाच माणूस पुढच्या महिन्यात पोटच्या पोरावर ताट भिरकावेल का, हे त्या पंधरा गुणांत कुठेच नसतं. ‘पंधरापैकी पंधरा’ ऐकून आम्ही सगळे निर्धास्त झालो होतो.

पहिली खूण स्वयंपाकघरात दिसली. दूध उतू जाऊन पातेलं करपलं, घरभर वास, शेजारच्या काकू धावत आल्या. दादा ओट्याला टेकून मोबाईल बघत उभा होता. त्याला वासच येत नव्हता. वहिनीला वाटलं, लक्ष नसेल. यामागे शरीररचना आहे. वासाचे मज्जातंतू नाकाच्या छताशी असलेल्या बारीक भोकांच्या पातळ हाडातून वर मेंदूकडे जातात. डोकं जोरात आपटलं आणि मेंदू आतल्या आत सरकला की ते तुटतात. त्यांच्या अगदी वरच कपाळामागच्या मेंदूचा तळ असतो. म्हणून डोक्याच्या मारानंतर वास गेला असेल, तर त्या तळालाही धक्का बसला असण्याची शंका घ्यायची असते. घरी पाठवताना हे एक वाक्य जरी कुणी सांगितलं असतं, तरी पुढचं बरंच वेगळं झालं असतं.

मग वागणं बदलत गेलं. कुणी उठवलं नाही तर दुपारपर्यंत पारोसा बसून राहायचा. उदास नव्हता, ‘अहो, आंघोळीला जा’ म्हटलं की निमूट उठून जायचा. आपणहून मात्र काहीच सुरू व्हायचं नाही. घरचा पै-पैचा हिशेब वहीत लिहिणारा माणूस महिन्याचं वाणसामान एकाच वेळी तीनदा मागवायचा. एका मुंजीत पंगत बसलेली असताना एका बाईंच्या जाडीवर मोठ्याने बोलला आणि लोक का गप्प झाले हे त्याला कळलंच नाही. रिमोटवरून मुलावर ताट फेकलं आणि दहा मिनिटांनी शांतपणे चहा मागितला.

नातेवाईकांनी आपापले निकाल दिले. आळशी झाला. नोकरी गेल्याचा राग काढतो. बायकोनेच डोक्यावर चढवून ठेवलंय. एकांनी अंगारा आणून दिला. बोलणारा माणूस पाहुण्यांसमोर अर्धा तास छान बोलतो, राजकारणावर मत देतो, जुन्या आठवणी सांगतो, मग याच्या मेंदूला काही झालंय हे पटणार कुणाला? हात प्लास्टरमध्ये असता तर घरातल्या प्रत्येकाने त्याला घास भरवला असता.

आपला मेंदू सव्वा ते दीड किलोचा, घट्ट लागलेल्या दह्याइतका मऊ. कवटी वरच्या बाजूने आतून बरीच गुळगुळीत असते, पण कपाळामागे, डोळ्यांच्या खोबणींच्या वर आणि कानशिलांपाशी तिचा तळ खडबडीत, कंगोरेदार असतो. मार डोक्याच्या कुठल्याही बाजूला बसो, मेंदू हिंदकळला की कपाळामागचा तळ आणि कानशिलांकडची टोकं त्या कंगोऱ्यांवर घासतात. आणि नेमके हेच भाग आपल्याला आवरतात. तोंडावर आलेला शब्द गिळणं, समोरच्याचा चेहरा वाचणं, राग आला तरी हात न उचलणं, सकाळी उठून दिवस सुरू करणं, या सगळ्याला तिथली मज्जातंतूंची जाळी शाबूत लागते. शिवाय डोक्याला हिसका बसून मेंदू फिरला की आतले लांब तंतू ताणले जातात, काही तुटतात. साध्या सीटीत ते बऱ्याचदा दिसत नाहीत. रिपोर्ट नॉर्मल असतो आणि माणूस नसतो.

शेवटी वहिनी हट्टाने त्याला दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टकडे घेऊन गेली. मीही बरोबर होते. डॉक्टर म्हणाले, “मी टेबलावर एकदा टकटक केलं की तुम्ही पण एकदा करायचं. मी दोनदा केलं तर अजिबात करायचं नाही. काय करायचंय, सांगा बरं मला.” दादाने नियम अचूक सांगितला. डॉक्टरांनी दोनदा टकटक केलं. दादाचं बोट लगेच दोनदा वाजलं. “नाही करायचं ना?” “हो हो, दोनदा केलं तर नाही करायचं.” परत दोनदा. परत बोट वाजलं. नियम त्याला पाठ होता, बोट थांबवता येत नव्हतं. वहिनी तिथेच रडायला लागली, आणि मला वाटतं त्यात सुटकेचं रडूही होतं. हा माणूस आपल्याला मुद्दाम छळत नाहीये, हे तिला पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

डॉक्टरांनीच फिनियस गेजचं नाव सांगितलं, मग मी वाचत गेले. १३ सप्टेंबर १८४८, अमेरिकेतलं व्हरमाँट. रेल्वेमार्गासाठी सुरुंग लावताना स्फोट झाला आणि साधारण सहा किलोची, मीटरभराहून लांब लोखंडी पहार या पंचवीस वर्षांच्या मुकादमाच्या गालातून शिरून कवटी फोडून वर निघाली. तो जगला. बोलत होता, चालत होता. पण त्याचे डॉक्टर हार्लो यांनी पुढे लिहून ठेवलं की जबाबदार, धोरणी माणूस लहरी आणि शिवराळ झाला. मित्र म्हणू लागले, हा आमचा गेज नव्हेच. बहुतेक जण गोष्ट इथेच थांबवतात आणि मला ते अन्यायाचं वाटतं. पुढे हाच गेज चिलीमध्ये काही वर्षं घोडागाडी हाकत होता. ठरलेला रस्ता, ठरलेल्या वेळा, रोज तेच काम. मॅल्कम मॅकमिलन या अभ्यासकाचं म्हणणं असं की अशा बांधलेल्या दिनक्रमामुळे तो पुष्कळ सावरला असावा. मला हे महत्त्वाचं वाटतं, कारण आमच्या घरीही तेच लागू पडलं. भिंतीवर वेळापत्रक, मोबाईलवर गजर, एका वेळी एकच काम, दुपारची झोप, दारू पूर्ण बंद, गर्दी आणि कलकलाट कमी. दादा पूर्वीचा झालेला नाही. पण ताटं फेकणं थांबलं आहे आणि सकाळी दूध आणायला तो आपणहून जातो.

मग त्याच्या वागण्याची जबाबदारी कुणाचीच नाही का, असं मला विचारलं जातं. मी यावर खूप विचार केलाय. दोष देणं आणि सहन करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच्या मेंदूला इजा झाली आहे म्हणून मी त्याला दुष्ट म्हणणार नाही. पण म्हणून वहिनीने आणि मुलाने मार खावा, असं कुणी सुचवलं तर मी त्यांच्याशी भांडेन. वहिनी एकदा महिनाभर माहेरी धायरीला गेली होती, तेव्हा आमच्याच घरातल्या बायका तिला नावं ठेवत होत्या. तिचं जाणं योग्यच होतं. ती गेली म्हणूनच घरातले बाकीचे हलले, नाहीतर सगळा भार तिच्या एकटीवर टाकून सगळे मोकळे झाले होते. मेंदूच्या आजाराची सबब आजाऱ्यासाठी आहे, भोवतीच्या धडधाकट माणसांसाठी नाही.

आता हेल्मेट. २००८ साली अनेक देशांतले अभ्यास एकत्र तपासून कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेचा जो आढावा निघाला, त्यात दिसलं की हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराचा मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. आपण चर्चा पहिल्या आकड्यावर करतो. मला दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. हेल्मेट बंधनकारक करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ आहे, एक हजार रुपये दंड आहे, सगळं आहे. तरी कर्वे रोडवर बघा, कोपराला अडकवलेली हेल्मेटं, हनुवटीखालचा बंद न लावलेली हेल्मेटं, आणि मागे बसलेल्या बाईच्या डोक्यावर तर काहीच नाही. बंद न लावलेलं हेल्मेट पहिल्याच फटक्यात डोक्यावरून निघून जातं.

ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी डॉक्टरांकडे न्यूरोसायकॉलॉजिकल तपासणीचं (मेंदूच्या इजेचा विचार आणि वागणुकीवर काय परिणाम झाला ते बघणारी तपासणी) नाव घेऊन ती मागावी. वागण्यात काय बदललं ते तारखेसकट वहीत लिहून न्यावं, कारण तपासणीच्या खोलीत तो माणूस छान वागतो आणि ‘मला काही झालेलं नाही’ असं मनापासून सांगतो. तो खोटं बोलत नसतो, स्वतःतला बदल जाणवण्याची क्षमताच बऱ्याचदा गेलेली असते. आणि डोक्याला मार लागलेल्या पेशंटला घरी सोडताना डॉक्टरांनी टाक्यांच्या तारखेबरोबर घरच्यांना एवढं सांगावं: वास येतो का बघा, राग बघा, आपणहून काही करतो का बघा, आणि बदल दिसला तर पेशंटला परत घेऊन या.

ही पोस्ट नावाशिवाय पुढे पाठवायला वहिनीची हरकत नाही.