पालिकेची म्हातारी इमारत कशी निकालात काढावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात तुमच्या गावात १९३०-४० च्या सुमाराची पालिकेची एखादी इमारत अजून उभी असेल, तर आधी अभिनंदन. इतकी वर्षं तुम्ही मान वर करून तिच्याकडे बघितलं नाहीत, म्हणून ती टिकली. आता निधी आलाय. निधी आला की जुन्या इमारतीचं काही खरं नसतं, तेव्हा चार शब्द ऐकून घ्या.

आधी ओळख पटवा. कोपरा गोल आहे? खिडक्यांवरचा छज्जा त्या कोपऱ्याला वळसा घालून तसाच पलीकडे गेलाय? मधला मनोरा पायरीपायरीने चढत झेंड्याच्या काठीपाशी थांबतो? त्याच्या कपाळावर सिमेंटचा अर्धा सूर्य, खाली बांधकामाचं साल? मग ती आर्ट डेको. घाबरू नका, रोग नाही. १९२५ साली पॅरिसला सजावटकलेचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, त्यावरून हे नाव आलं. आणि रूढ झालं तेही १९६० नंतर. म्हणजे बांधणाऱ्या गवंड्यालाही आपण आर्ट डेको बांधतोय हे ठाऊक नव्हतं. तुम्हाला ठाऊक नसलं तर लाज कसली?

गावातला एखादा शहाणा सभेत उठेल. मुंबईत ओव्हल मैदान नि मरीन ड्राइव्हच्या असल्याच इमारतींना युनेस्कोने २०१८ मध्ये जागतिक वारसा ठरवलं, म्हणेल. अमेरिकेतल्या बफेलो शहराची १९३१ सालची बत्तीस मजली डेको पालिका बघायला लोक जातात, हेही ऐकवेल. त्याला एवढंच सांगा: "ते मुंबईचं झालं की, आपलं काय!" १९५६ पर्यंत आपणही मुंबईतच मोडत होतो, हे एरवी प्रत्येक भाषणात येतं. या सभेत तेवढं विसरा.

आता कामाला लागू. जिन्याची नक्षीदार लोखंडी जाळी भंगारात द्या, वजन चांगलं भरतं. खालच्या मोझॅकवर पांढऱ्या गुळगुळीत फरशा बसवा. (लहानपणी बाबांबरोबर घरपट्टी भरायला जायचो, तेव्हा रांगेत चप्पल काढून त्या गार मोझॅकवर उभं राहायचो. पण गारव्याला अंदाजपत्रकात रकाना नसतो.) दर्शनी भागाला चकचकीत एसीपी, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेली शीट ठोका. इमारत लगेच मोबाइलच्या दुकानासारखी दिसायला लागते, आणि पारव्यांना मागे जागा होते ती वेगळीच.

छज्जा मात्र विसरू नका, तो काढाच. आपल्याकडे पाऊस आडवा येतो. तो भिंतीवर बसू नये आणि उन्हाळ्यात खिडकीत सावली राहावी, म्हणून कुणीतरी विचार करून तो घातला होता. छज्जा गेला की भिंतीत ओल उतरते, ओलीने आतली सळी गंजते, गंज फुगतो आणि सिमेंट फोडून बाहेर येतो. मग 'इमारत धोकादायक' हा अहवाल आपोआप तयार होतो. पाडल्याचं पाप कुणाच्या माथी नाही. नुसतं थांबायचं, आणि थांबायची सवय आपल्याला आहेच. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे.

राहिली पाटी. इथे खरा जोर लावायचा. दुकानांच्या पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं, असा कायदा २०२४ मध्ये झाला. त्या टक्क्यांवरून आपण रस्त्यावर उतरतो, तर पालिकेच्या पाटीवर गप्प बसून कसं चालेल? मराठी अक्षर किती इंचाचं, वर की खाली, यावर रात्री दहापर्यंत सभा चालवा. समोरचा कन्नड नगरसेवकही तेवढ्याच तावाने बोलेल. पाटी ज्या भिंतीवर लागणार, तिचा विषय दोघंही काढणार नाहीत. एसीपीचं बिल एकमताने मंजूर होईल, टाळ्या वाजतील, कुंदा वाटला जाईल.

पाटी चढवणाऱ्या पोराला मात्र आधीच सांगून ठेवा. सालावर ठोकू नको बाबा, तिथलं प्लास्टर सुटलंय. सूर्याच्या मधोमध ठोक. तिथलं सिमेंट जुनं आहे, खिळा हलणार नाही.