म्हातारपणी आजारी पडण्याची रीत

गावाकडच्या वयोवृद्ध मंडळींना आजारी कसे पडावे हे अजून नीट उमगलेले नाही, असे माझे ठाम मत गेल्या महिन्यात झाले. माझे चुलते, तात्या, जावळी तालुक्यातल्या आपल्या अंगणात पाय घसरून पडले, खुब्याचे हाड मोडले आणि आम्ही त्यांना मुंबईला, सरकारी आरोग्य योजनेत असलेल्या एका खासगी रुग्णालयात आणले. तिथल्या काउंटरवर मिळालेले ज्ञान आपल्याही घरातल्या वडीलधाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा प्रपंच.

पडायचेच असेल तर सोमवार ते शुक्रवार, दहा ते पाच या वेळेत पडावे.

जन्मही जरा विचार करूनच घ्यावा. सत्तरी गाठलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळावेत म्हणून ऑक्टोबर २०२४ पासून वय वंदना कार्ड निघाले आहे. मात्र वय धरले जाते ते आधारवरचे. आधारच्या कॅम्पमधल्या मुलाने तात्यांची जन्मतारीख १ जून १९५८ अशी टाकली, कारण त्या दिवशी त्याने निम्म्या गावाला १ जूनलाच जन्माला घातले होते. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलो तेव्हा पदरात पोर होते, असे तात्यांनी कळवळून सांगितले, परंतु दुष्काळाचा दाखला चालत नाही.

नाव मात्र आयुष्यभर एकच ठेवावे. महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्यांसाठी आहे, शिधापत्रिकेचा रंग कोणताही असला तरी चालतो. पण तात्या शिधापत्रिकेवर ग्यानबा आणि आधारवर ज्ञानदेव आहेत. ‘ग्यानबा-तुकाराम’चा गजर करत शतकानुशतके पंढरीला चालत जाणाऱ्या महाराष्ट्रात हे दोघे एकच आहेत, हे संगणकाला पटेना. मग अंगठा मागितला. साठ वर्षे विळा आणि कासरा धरून त्या अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. पुसून पाहिला, ओला करून पाहिला, स्ट्रेचरवर कण्हणाऱ्या माणसाची दहाही बोटे त्या यंत्रावर दाबून झाली. ओटीपी गेला तो सुरतेला असलेल्या पुतण्याच्या जुन्या, बंद पडलेल्या नंबरावर. एवढे करून सायंकाळी सहा वाजता कळले की योजनेतला बेडच रिकामा नाही; रोख ऐंशी हजार डिपॉझिट भरले तर मात्र बेड आहे. तो अर्ध्या तासात कुठून उगवला, हे विचारायचे नसते! तात्यांच्या दोन दुभत्या म्हशी त्याच आठवड्यात बाजारात गेल्या. डेअरीचे दर दहा दिवसांनी मिळणारे पैसे हीच त्यांची पेन्शन होती. उरलेली रक्कम शेकडा तीनने उचलली, आणि हे तीन महिन्याला, वर्षाला नव्हे.

“वेळेवर विमा का काढला नाही?” असे तिथल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी विचारलेच. १ एप्रिल २०२४ पासून पासष्टीनंतरही पॉलिसी घेता येते, सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला, तेव्हा श्रावणबाळ योजनेच्या महिना १,५०० रुपयांतून हप्ता भरावा आणि जुन्या आजाराला तीन वर्षे थांबायला सांगावे.

रक्तदाब आणि साखर यांसारखे किरकोळ आजार तर ठेवूच नयेत, कारण योजना मुख्यतः दाखल होणाऱ्यांसाठी असते. रोजच्या गोळ्या, गावाहून येण्याचे भाडे आणि नंतर आमच्या लालबागच्या खोलीत दाटीवाटीने काढायचे सहा आठवडे यांचा विमा अजून निघालेला नाही.

ज्यांनी हे नियम केले त्यांनी एकदा तरी एखाद्या म्हाताऱ्याचा झिजलेला अंगठा हातात धरून पाहायला हवा होता. माणूस समोर कण्हत असताना तो तोच आहे का, हे विचारायला लाज कशी वाटत नाही? आणि आपण मुंबईकर तरी कोण मोठे शहाणे! योजनांची चित्रे घरच्या ग्रुपवर ढकलतो, गणपतीला गावी जाऊन गोठ्यासमोर फोटो काढतो, आणि त्याच घरातल्या फडताळात ठेवलेली दोन कार्डे शेजारी शेजारी धरून नावे जुळतात का, एवढे बघत नाही. तात्यांची कार्डे मी दहा वर्षांत एकदाही बघितली नव्हती.