डेटा असा पसरा की मागून येणारा घामाघूम व्हावा

नव्या प्रोग्रॅमर दोस्तांनो, पीएलसीतला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरमधला, डेटा स्क्रीनपर्यंत नेणाऱ्या कम्युनिकेशन मॉड्यूलकडे पाठवायचाय ना? मग मागून येणाऱ्या माणसाची फिकीर आधी सोडा. तो येईल, प्रोग्रॅम उघडेल, शिव्या देईल. तोवर तुम्ही पुण्याला नोकरीला लागलेले असाल.

भट्टीचं तापमान एन७ या पूर्णांकांच्या (इंटिजर) फाईलमध्ये टाका, मोटरचा करंट एन१२ मध्ये, आणि टनेज जागा दिसेल तिथं, समजा एन४०:२०१ ला, म्हणजे फाईल ४० च्या घर २०१ ला. सगळं सलग ठेवलं तर मॉडबस, म्हणजे मशीनांची आपसातली बोली, एका दमात १२५ रजिस्टर (१६ बिटांची घरं) वाचतं, मग आपली कला दिसायची कशी? मॉड्यूलला सुट्या तीस कमांड द्या. स्क्रीनवरचा आकडा बदलेपर्यंत ऑपरेटरचा चहा होतो.

मॉडबसच्या यादीतलं रजिस्टर ४०००१ म्हणजे तारेवर जाणारा पत्ता शून्य, हे कुणाला सांगू नका.

फ्लोट मात्र मन लावून बिघडवा. एक फ्लोट, म्हणजे दशांशाचा आकडा, दोन वर्डांत, दोन घरांत मावतो. कुठला आधी जाणार, हे मॅन्युअल न उघडता छापा-काट्यानं ठरवा. गेल्या गुरुवारी जालन्याच्या एका री-रोलिंग मिलमध्ये मला हाच प्रसाद मिळाला. भट्टी १२०० डिग्रीवर, दारातून बघवत नाही, आणि कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर ०.००. एसी बंद, लॅपटॉप मांडीवर, समोर दोन रजिस्टर: ० आणि १७५५८. आकडा धडधाकट होता, फक्त डोकं खाली, पाय वर. वर्ड उलटे लावले, १२०० आलं. तरी दहा तापमानांपैकी पाचच दिसत होती! सीओपी या कॉपी करणाऱ्या सूचनेची लांबी १० ठेवलेली. अरे बाबा, एफ८ या फ्लोटच्या फाईलमधून एन फाईलमध्ये कॉपी करतोस तर लांबी एनच्या घरांत मोजतात, दहा फ्लोटला २० घरं लागतात! आणि हे शोधायचं कसं, तर एकाही पत्त्याला नाव नाही. एसएलसी, म्हणजे तिथल्या पीएलसीच्या, प्रोसेसरमध्ये पत्त्यांची वर्णनं राहत नाहीत, ती राहतात लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर. लॅपटॉप लिहिणाऱ्याबरोबर गेला. फोन लावला तर उचलत नाही.

फोरमन मात्र गार. "काहून टेन्शन घेता साहेब, भट्टी तं चालू आहे." खरंच चालू होती. तो ती डोळ्यांनी रंग बघून चालवत होता.

हार्टबीट, म्हणजे 'मी जिवंत आहे' सांगणारा सतत बदलता आकडा, पाठवू नका. केबल तुटली तरी शेवटचं तापमान स्क्रीनवर तसंच उभं राहतं, मालक खूश.

मोकळी घरं सोडूच नका. पुढं एक टॅग, म्हणजे नवा आकडा, मध्येच घुसवायचा, की त्याच्यापुढचे सगळे पत्ते सरकतात आणि करंटच्या जागी टनेज दिसायला लागतं.

जाऊ दे, नाही जमत मला हे गोड बोलणं. जालन्याचा प्रोग्रॅम लिहून गेलेल्या गड्या, दोन तासांचं काम होतं रे तुझं. पाठवायचं सगळं एका फाईलमध्ये सलग: आधी इंटिजर, मग फ्लोट, शेवटी अलार्मचे बिट, एका वर्डात १६, प्रत्येक गटामागं दहा घरं मोकळी. एक्सेलमध्ये पत्ता, नाव, एकक, गुणक. त्याची प्रिंट पॅनेलच्या दाराला आतून चिकटवायची. दाराच्या खिशात मला दुसऱ्याच मशीनचं ड्रॉइंग मिळालं. आणि बिलात 'डॉक्युमेंटेशन' म्हणून पैसे लावलेत, मी बघितलंय बिल. रात्री दीडला बदनापूरच्या ढाब्यावर जेवलो मी तुझ्यापायी. थोडी तरी लाज बाळग. आणि फोन उचल.