जुन्या लेन्स विकायची घाई नको
मिररलेस (आत आरसा नसलेला नवा कॅमेरा) घेताना जुन्या लेन्स आधी विकून टाका, हा एका लेखातला सल्ला मला पटला नाही. कॅननच्या जुन्या, आरशाच्या कॅमेऱ्यांच्या ईएफ माउंटचं (लेन्स बसते ती कडी) सेन्सरपासूनचं अंतर ४४ मिमी, मिररलेसच्या आरएफचं २०. ॲडॉप्टर म्हणजे जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्याला जोडणारी नळी; ती मधले २४ मिमी भरून काढते, बस्स. आत काचच नसते, मग दर्जा घसरेल कशानं? निकॉनवाल्यांनी मात्र जपून. त्यांच्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्ये फोकस मोटर नाही, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स हातानंच फोकस कराव्या लागतात. आमच्या अजिंठ्याच्या लेण्यांत फ्लॅशला बंदी. तिथल्या अंधुक उजेडात भरपूर उजेड आत घेणारी जुनी ५० मिमी एफ/१.८ लेन्स आजही कामाला येते. परभणी-नांदेडकडं लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्या पोरांनो, कर्ज काढून अख्खा सेट बदलू नका. नवी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) आणि ॲडॉप्टरवर एक लग्नसराई काढा, कोणती लेन्स कमी पडते ते आपोआप कळेल.