‘दोन दिवसांत इंजिन बदलतं’ असं सांगणाऱ्यांना

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला निदान पाच जणांनी पाठवला. त्यातले दोघं कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहेत आणि ते बनवत असलेला ऑनलाइन गेम अर्ध्यावर आला आहे. मेसेजचा सारांश असा: युनिटी या गेम-इंजिनाच्या (ज्याच्यावर गेम बांधतात त्या सॉफ्टवेअरच्या) कंपनीने एकदा दगा दिला, पुन्हा देईल, तेव्हा आजच इंजिन बदला. स्टार सिटिझन या ऑनलाइन गेमने ते दोन दिवसांत केलं, स्ले द स्पायर २ या गेमच्या टीमनेही केलं, व्हाल्व या गेम कंपनीने तर चालू गेमखालचं इंजिन बदललं. आणि मल्टिप्लेअर सर्व्हरवर चालतं, त्याचा इंजिनाशी काही संबंध नसतो.

रागाबद्दल माझं दुमत नाही. १२ सप्टेंबर २०२३ ला युनिटीने ठरावीक मर्यादेपुढच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केलं, तेही आधीच बाजारात आलेले गेम धरून. ते पूर्णपणे रद्द व्हायला एक वर्ष लागलं. ज्यांची काही वर्षांची मेहनत त्यात अडकली होती, त्यांची झोप उडाली असणारच. पण राग खरा आहे म्हणून सल्ला खरा ठरत नाही. त्यातलं शेवटचं वाक्य तर सगळ्यात घातक, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

लॉगिन, मॅचमेकिंग (कोण कोणाबरोबर खेळेल ते ठरवणं), खेळाडूची नाणी, लीडरबोर्ड हे सगळं इंजिनाबाहेर ठेवता येतं, एवढं खरं. पुण्याच्या सुपरगेमिंगने हा थर ‘सुपरप्लॅटफॉर्म’ म्हणून वेगळा बांधला आणि तो बांदाई नामको या जपानी कंपनीच्या मोबाइलवरच्या पॅक-मॅनसाठीही वापरला गेला. पण गोळी लागली की हुकली, गाडी भिंतीला घासली की सुटली, याचा निवाडा त्या थरात होत नाही. बहुतेक छोट्या टीमचा गेम सर्व्हर म्हणजे त्याच इंजिनातून काढलेला, चित्र न दाखवणारा बिल्ड (गेमची तयार आवृत्ती) असतो. तुम्ही बटण दाबलंत की फोन त्या सर्व्हरच्या उत्तरासाठी थांबत नाही. पुढे काय होणार याचा अंदाज बांधून तो गाडी लगेच हलवतो. मग सर्व्हरचं उत्तर येतं आणि दोन्ही ताडून पाहिले जातात. जुळले तर खेळणाऱ्याला काही कळतही नाही, न जुळले तर गाडी झटक्यासरशी मागे खेचली जाते. हे जुळणं दोन्हीकडचं गणित सारखं असण्यावर उभं आहे, आणि ते गणित इंजिनाचं असतं.

आम्ही तिघं चार खेळाडूंचा एक रेसिंग गेम करतो आहोत. हाच मेसेज वाचून एक ट्रॅक युनिटीतून गोडो या दुसऱ्या इंजिनात नेऊन पाहिला. गाडी दिसायला महिनासुद्धा लागला नाही आणि आम्ही खूश झालो. मग ब्रेक बिघडले. युनिटीचं फिजिक्स, म्हणजे हालचाल आणि टकरींचं गणित, मुळात सेकंदाला ५० वेळा चालतं, गोडोचं ६० वेळा. आमच्या कोडमध्ये ब्रेक दाबलेला असताना दर टिकला (त्या गणिताच्या प्रत्येक फेरीला) वेग ०.९८ ने गुणला जात होता. म्हणजे एका सेकंदानंतर युनिटीत ३६ टक्के वेग उरायचा, गोडोत ३० टक्के. प्रत्येक वळण वेगळं लागू लागलं. नेटवर्कसाठी सहा टिकांचा बफर (उशिरा येणाऱ्या माहितीसाठी राखलेला वेळ) ठेवला होता, तो १२० मिलिसेकंदांवरून न सांगता १०० वर आला आणि घाटातल्या मोबाइल डेटावर गाड्या उड्या मारू लागल्या. हे कोडमधले आमचेच दोष होते, मान्य. पण जुन्या इंजिनात ते दोष म्हणून दिसतच नव्हते. टिक ५० वर आणून ही दोन दुखणी मिटवली, तरी टकरी मिटल्या नाहीत. युनिटीच्या थ्रीडी फिजिक्सखाली हे गणित करणारं फिजएक्स नावाचं सॉफ्टवेअर आहे. गोडो ४ मध्ये त्याचं स्वतःचं फिजिक्स आणि ४.४ पासून सोबतीला जोल्ट या वेगळ्या फिजिक्सचा पर्याय. तीच गाडी त्याच भिंतीला त्याच वेगाने धडकली, तरी वेगळ्या कोनात बाहेर पडते. दोन वर्षं हाताने जमवलेला समतोल पुन्हा पहिल्यापासून जमवावा लागतो, आणि या कामाचा अंदाज कुठल्याच मेसेजात नसतो.

आता स्टार सिटिझन. डिसेंबर २०१६ मध्ये त्या गेमचे प्रमुख क्रिस रॉबर्ट्स यांनी क्रायटेक कंपनीच्या क्रायइंजिनवरून अ‍ॅमेझॉनच्या लंबरयार्डवर गेल्याचं सांगितलं आणि दोन इंजिनिअरांना जेमतेम दिवसभर लागला असेल असं म्हटलं. तो दिवस खराच. पण लंबरयार्ड क्रायइंजिनातूनच निघालेलं आहे, आणि रॉबर्ट्स यांनीच त्याच निवेदनात सांगितलं की दोघांचा गाभा एकच आहे. सख्ख्या चुलतभावाच्या घरी राहायला जाणं आणि परक्या गावात घर बांधणं यांची तुलना कशी करायची? मेसेजात न येणारा भाग पुढे आहे. डिसेंबर २०१७ मध्ये क्रायटेकने करारभंगाचा दावा ठोकला आणि तो २०२० पर्यंत चालला. त्या गेमचं खरं नेटवर्कचं आव्हान म्हणजे एकच जग अनेक सर्व्हरांनी मिळून चालवणं. ते खेळाडूंच्या हाती आलं डिसेंबर २०२४ मध्ये, अल्फा ४.० या चाचणी आवृत्तीबरोबर.

स्ले द स्पायर २ च्या टीमने दोनहून अधिक वर्षं युनिटीवर काम करून मग गोडो घेतलं. मला त्यांच्या धैर्याचं कौतुक आहे. मात्र तो पत्त्यांचा, पाळीपाळीने खेळायचा गेम आहे. चौघं मिळून खेळले तरी ‘कोणी कोणतं पान टाकलं’ एवढंच सगळ्यांना सारखं कळावं लागतं. शूटर किंवा रेसिंग करणाऱ्याने त्याचा दाखला देऊ नये.

व्हाल्वबद्दल फार लिहायला नको. सोर्स आणि सोर्स २ ही दोन्ही इंजिनं त्यांचीच. तरीही त्यांच्या डोटा २ या गेमचं सोर्स २ वरचं नवं रूप २०१५ मध्ये जूनपासून सप्टेंबरपर्यंत बीटामध्ये (चाचणी आवृत्तीत), जुन्याच्या शेजारी ठेवून तपासलं गेलं, आणि २०२३ मध्ये त्याच इंजिनावर काउंटर-स्ट्राइक २ हा शूटर आला तेव्हा मॅकवरचे खेळाडू आणि खेळायचे काही प्रकार मागे राहिले.

याचा अर्थ इंजिन कधीच बदलू नये असा कोणी काढला, तर तोही मला मान्य नाही. ‘फायनल फँटसी १४’ हा ऑनलाइन गेम सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि कोसळला. डिसेंबरात नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रं आली. जुन्या गेममध्ये एका फुलझाडाच्या कुंडीवर खेळाडूच्या पात्राइतकेच पॉलिगॉन (थ्रीडी चित्राचे छोटे तुकडे) खर्च होत होते, हे उदाहरण त्यांनीच पुढे जाहीरपणे दिलं. एकीकडे जुना गेम सुधारत, चालवत ठेवायचा आणि दुसरीकडे नव्या इंजिनावर सगळं पुन्हा बांधायचं, असं काम चाललं. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने सर्व्हर बंद झाले, ऑगस्ट २०१३ मध्ये नवा गेम आला आणि तो आजही जोरात चालतो. तिथे कारण पक्कं होतं, मागे मोठी कंपनी होती आणि जवळपास पावणेतीन वर्षं होती.

त्या दोन मुलांना मी एवढंच कळवलं आहे: मेन्यू आणि चित्रं आधी हलवू नका. गेममधली एक खोली, दोन फोन, एक सर्व्हर एवढंच नव्या इंजिनात करा. एक फोन वायफायवर ठेवा, दुसरा एसटीत बसून मोबाइल डेटावर चालवा. गाडी किती वेळा मागे खेचली जाते ते दोन्ही इंजिनांत मोजा आणि ते आकडे मला पाठवा. आमचे आकडे पाहून आम्ही हा गेम युनिटीतच पुरा करायचं ठरवलं आहे. गोडोतला ट्रॅक पुसलेला नाही, पुढचा गेम त्याच्यावरूनच सुरू होईल.